विहिरीजवळची गाडी

आमच्या गाडीला पंधरा वर्षं व्हायला चार महिने उरले होते, तेव्हा एका रविवारी नवऱ्याने पोह्यांची बशी बाजूला ठेवून विषय काढला. त्याचं बोलणं नेहमी "मी काय म्हणतो" असं सुरू होतं आणि त्यापुढे तो जे म्हणतो ते त्याने आधीच ठरवून टाकलेलं असतं. गाडीचं पासिंग संपत आलंय, ते पुन्हा करून घ्यायचं तर खर्च आहे, नाहीतर भंगारात द्यायची, आणि भंगारात द्यायचीच तर मग नवीनच का घेऊ नये, असा त्याचा एकूण मुद्दा. मोबाइलवर त्याने मला एक पांढरी गाडी दाखवली. ती आमच्या स्वयंपाकघरापेक्षा लांब होती.

मी म्हटलं, आधी मला हिशेब करू दे. चौतीस वर्षं मी विम्याच्या कचेरीत दाव्यांच्या फायली तपासल्या. वय वाढलं की वस्तूची किंमत कशी उतरते, हे मला कुणी शिकवायला नको. आणि गाडीशी माझं पहिल्यापासून फारसं जमलंही नव्हतं, त्यामुळे हिशेब चोख होईल याची मला खात्री होती.

गाडी लहानशी, राखाडी. गिरगावात आमच्या वाडीत जी जुनी विहीर आहे, वरून लोखंडी जाळी टाकून बंद केलेली, तिच्या कठड्याला लागून ती उभी असायची. ती जागा आमची असल्याचा कुठलाही कागद नव्हता. गाडी तिथे उभी होती म्हणून ती जागा आमची होती. त्यामुळे गाडी शक्यतो हलवायची नाही, हा आमच्या घरचा नियम. हलवायचीच झाली तर मागे दोन विटा आणि एक फुटकी बादली ठेवून जायचं आणि जीव मुठीत धरून परत यायचं. दादरला एखाद्या लग्नाला गाडीने गेलो तर नवऱ्याला पंगतीत श्रीखंड गोड लागायचं नाही, कारण बादली कुणी सरकवली तर नसेल हाच घोर. शेवटी आम्ही लग्नांना बसने जायला लागलो. गाडी दारात आणि आम्ही बसस्टॉपवर, हे वाडीतल्या लोकांना कधी विचित्र वाटलं नाही. ज्यांच्याकडे गाड्या होत्या ते सगळे बसनेच जायचे.

गणपतीत मात्र हलवावीच लागायची. मांडव नेमका विहिरीजवळ पडतो. मग दहा-बारा दिवस गाडी शिवडीला, नवऱ्याच्या ओळखीच्या एका गोदामाच्या आवारात, ट्रकांच्या रांगेत जाऊन राहायची. परत यायची तेव्हा तिच्यावर बोटभर धूळ असायची आणि मांडव सुटल्या सुटल्या ती जागेवर आणण्यासाठी नवऱ्याची जी धावपळ व्हायची, तेवढी त्याने स्वतःच्या लग्नातही केली नव्हती.

घेतली होती ती सासूबाईंसाठी. त्यांची किडनी बिघडली आणि परळच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या सुरू झाल्या. आधी महिन्यातून एकदा, मग शेवटची तीन वर्षं आठवड्यातून दोनदा. जाताना टॅक्सी मिळायची, पण येताना गळून गेलेल्या बाईला हाताला धरून फुटपाथवर उभं राहावं लागायचं आणि टॅक्सीवाले काच खाली करून गिरगाव म्हटलं की मान हलवायचे. एक दिवस नवरा तिथेच रडला. पुढच्या महिन्यात गाडी आली.

सासूबाई मागे डाव्या बाजूला बसायच्या, पाठीला एक छोटी उशी घेऊन. शेजारी मामंजी, म्हणजे माझे सासरे, मांडीवर फायलींची पिशवी धरून. सासूबाईंना तिखट-मीठ सगळं बंद झालेलं. परत येताना लालबागला मसाल्याच्या गल्लीजवळ गाडी आली की त्या काच खाली करायला लावायच्या. "वास तरी घेऊ द्या रे मेल्यांनो," म्हणायच्या. मग नवरा गाडी हळू करायचा, मागचे लोक हॉर्न मारायचे आणि सासूबाई डोळे मिटून मालवणी मसाल्याचा वास घेत बसायच्या. त्या गाडीने आमच्यासाठी जे काही केलं त्यात हे मला सगळ्यात जास्त आवडायचं.

त्या जाऊन आता सात वर्षं झाली. त्यानंतर गाडीला तसं काम उरलं नाही. पण चाळीत कुठलीच वस्तू फार दिवस रिकामी राहत नाही. आमची खोली एक आणि तिच्यामागे स्वयंपाकघराची पट्टी, त्यात माणसं चार. लेकीने सीएचा सगळा अभ्यास गाडीत केला, पुढची सीट मागे पाडून आणि दिवा लावून, म्हणून बॅटरी सारखी उतरायची. नवऱ्याची आणि माझी भांडणंही तिथेच व्हायची. खोलीत भांडलं तर शेजारची बाई दुसऱ्या दिवशी तोडगा घेऊन यायची, त्यापेक्षा "जरा खाली येता का" म्हणून मी पुढे व्हायचे आणि काचा वर करून आम्ही निवांत भांडायचो. लेकीचं लग्न होऊन ती विक्रोळीला गेली, भांडणंही वयापरत्वे कमी झाली, आणि गाडी उरली ती एकट्या मामंजींची.

सासूबाई गेल्यानंतर साधारण वर्षभराने मामंजी गाडीत बसायला लागले. दुपारचं जेवण झालं की दीड वाजता वर्तमानपत्र, चष्मा आणि पाण्याची बाटली घ्यायची, जिन्याच्या बावीस पायऱ्या उतरायच्या आणि मागे डाव्या बाजूला, सासूबाईंच्या जागी जाऊन बसायचं. "खाली बसतो जरा, हवा येते," एवढंच म्हणायचे. पाच वाजता मी गॅलरीच्या कठड्यावर टॉवेल टाकायचे. त्यांना ऐकू कमी येतं आणि मला गॅलरीतून हाका मारायला आवडत नाही, म्हणून ही खूण ठरली होती. टॉवेल दिसला की ते काचा वर करून, गाडीला कुलूप लावून वर यायचे आणि आम्ही दोघं चहा प्यायचो.

चाळीने त्याचा अर्थ लगेच लावला. बायकोच्या आठवणीत बसतो म्हातारा. येता-जाता बायका गाडीकडे बघून डोळ्यांना पदर लावायच्या. मलाही तसंच वाटायचं, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटायचा. एकदा मनात आलं, आपल्यासाठी असं कुणी बसेल का, आणि मी नवऱ्याकडे पाहिलं तर तो किल्लीने कान कोरत होता.

तर हिशेब. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून मी लिहायला बसले. विमा, पीयूसी, गाडी पुसणाऱ्याचा महिना, न चालवल्यामुळे दर दोन वर्षांनी मरणारी बॅटरी. उभ्या उभ्या एका बाजूने चपटे झालेले टायर. उंदरांनी दोनदा कुरतडलेल्या वायरी आणि त्यावर उपाय म्हणून बोनेटखाली ठेवलेली तंबाखूची पानं, जी उंदरांना बहुधा आवडली असावीत. शिवडीच्या गोदामाच्या रखवालदाराला द्यायची दिवाळी. सगळ्याची बेरीज करून वर्षभरात गाडी जितकी चालली त्याने भागलं, तेव्हा परळएवढ्या अंतराची एक फेरी पुण्याला टॅक्सीने जाऊन येण्याच्या भावात पडत होती. मी तीनदा तपासलं. वर्षभरात आमची गाडी चालत होती त्याहून जास्त मी भाजीला चालत होते.

नवीन गाडीचा हिशेब मी अर्ध्यातच सोडला. तिला विहिरीजवळ उभी करायची म्हणजे वरून कबुतरं, समोरून क्रिकेट आणि दिवाळीत फटाके. नवरा तिला चादर घालून रात्री गॅलरीतून बघत बसला असता. त्याचा आणखी एक मुद्दा होता की चाळीचं रिडेव्हलपमेंट झालं तर ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांना बिल्डर पार्किंग देणार. हे त्याला कुणी सांगितलं, तर चाळीतल्या ज्या लोकांकडे गाड्या होत्या त्यांनी. रिडेव्हलपमेंटचं मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. फोन करून गाडी बोलवावी, बसावं, उतरावं आणि विसरून जावं, असं माझा कागद सांगत होता.

पासिंगचं बघायला नवऱ्याने पलीकडच्या वाडीतल्या मेकॅनिकला बोलावलं. म्हातारा कॅथलिक गृहस्थ, गॅरेज मुलावर सोपवलेलं, पण आमच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. गोणपाट अंथरून तो गाडीखाली गेला आणि स्क्रू-ड्रायव्हरने टकटक करत राहिला. एके ठिकाणी टकटक थांबली. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आत, मामंजी जिथे पाय ठेवतात तिथल्या रबरी मॅटमधून वर आलं होतं.

बाहेर येऊन तो कपडे झटकत म्हणाला, "बाई, इंजिन एक नंबर. अजून दहा वर्षं चालंल. पण खाली पत्राच नाय राहिला. दर्याची हवा खाऊन बसलीय." नवा पत्रा मारायचा, रंग काढायचा, टायर, वायरिंग, मग कुठे ती पासिंगला उभी राहणार. त्याने आकडा सांगितला आणि वर स्वतःच म्हणाला की माझं पोट आहे यावर, तरी सांगतो, घालू नका पैसे.

म्हणजे माझा कागद आणि मेकॅनिक दोघांचं एकमत होतं. संध्याकाळी नवरा आला की सांगून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं. त्या दुपारी मी अंथरुणावरून उठून पाण्यासाठी गेले आणि सहज गॅलरीत डोकावले. खाली गाडीच्या खिडकीतून मामंजींचा हात बाहेर आला होता. कोपर काचेच्या फटीवर टेकलेलं, बोटं अधूनमधून दारावर ताल धरल्यासारखी हलत होती. शहाऐंशी वर्षांच्या माणसाचा बारीक, शिरा दिसणारा हात. या माणसाची आता एवढीच जागा उरलीय आणि आपण ती किलोच्या भावाने विकायला निघालो आहोत, हे माझ्या मनात आलं आणि मग काही केल्या जाईना.

संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं की गाडी ठेवायची. पत्रा मारायचा, पासिंग करायचं, खर्च मी करणार. नोकरी सोडताना मिळालेल्या पैशांतून मी मोत्यांच्या कुड्यांसाठी काही बाजूला ठेवले होते. लग्नात मिळालेल्या कुड्या लेकीला दिल्या तेव्हापासून माझे कान भिकबाळीएवढ्या रिंगांवर होते. नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं की मला ताप आलाय की काय. गाडीच्या नावाने पंधरा वर्षं बोटं मोडणारी बाई कुड्यांचे पैसे मोडून गाडी दुरुस्त करणार, हे त्याच्या पचनी पडेना. मी म्हटलं, अहो, तुमच्या वडिलांसाठी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामंजींना सांगायला खाली गेले. एप्रिल संपत आलेला. इतक्या वर्षांत भर दुपारी मी त्या गाडीत कधी बसले नव्हते. दाराचं हँडल हाताला चटका देत होतं. मागे त्यांच्या शेजारी बसले तर सीटने पाठ भाजली. चारी काचा उघड्या होत्या, पण वाडी तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूला मांडवाचे बांबू रचलेले, वारा यायला वाटच नव्हती. मामंजींनी मानेवर एक ओला पंचा टाकला होता. तो वाळत आला की बाटलीतलं पाणी शिंपडायचं, अशी त्यांची सोय होती. शर्ट पाठीला चिकटला होता. सासूबाईंची उशी दोघांच्या मध्ये होती.

"मामंजी, इथे किती उकडतंय," मी म्हटलं. ते म्हणाले, सवय आहे.

मी त्यांना सगळं सांगितलं. गाडी विकायचं चाललं होतं ते, मेकॅनिक काय म्हणाला ते, आणि शेवटी, जरा मोठेपणा घेऊनच, की तुम्ही काळजी करू नका, मी पैसे घालतेय, गाडी कुठे जात नाही. त्यांनी पेपरची घडी केली. ती पुन्हा उघडली आणि पुन्हा केली.

"तुझ्या कुड्यांचे पैसे?"

"पैशांचं काय एवढं. तुम्हाला इथे बसता आलं पाहिजे. आईंची जागा आहे ही."

ते उशीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तिची आठवण यायला मला गाडी कशाला लागते? ती वर खोलीतच जास्त भेटते. डब्यांपाशी, मोरीपाशी. इथे तर ती नेहमी आजारीच असायची."

मला काही कळेना. मग तुम्ही इथे का बसता, असं मी विचारलं. ऐकू न आल्याचं दाखवायची त्यांना सवय आहे, मला वाटलं आताही तेच करतील. पण ते बोलले, समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत, माझ्याकडे नाही.

"तू नोकरी सोडलीस तेव्हा तुझी पाठ धरली होती. डॉक्टरांनी रोज दोन तास आडवं पडायला सांगितलं होतं. पहिल्या दिवशी मी खाटेवर होतो आणि तू खुर्चीत बसून राहिलीस. ताठ. पाच वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन खाली आलो."

मला ती खुर्ची आठवली. मणक्यातली ती कळ आठवली. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर आडवी होत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण आईला मी कधी आजोबांसमोर पाठ टेकताना पाहिलं नाही, म्हणून मीही टेकली नाही. बाळंतपणाआधीसुद्धा मी स्वयंपाकघराच्या पट्टीत गुडघे पोटाशी घेऊन पडायचे, कारण तिथे पाय लांब केले तर ते मोरीत जातात. कचेरीत अकरा माणसं माझ्या हाताखाली होती, पुरुषही होते, त्यांना मी फैलावर घ्यायचे. घरी मात्र मी सहा वर्षांपूर्वी त्या दोन दुपारी तशाच बसून काढल्या, आणि तिसऱ्या दिवशी मामंजी खाली गेल्यावर सुटले बाई म्हणून चटई अंथरली. त्यांना वारा कुठून येतो हे मला कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं.

"मग गॅलरीत बसायचं ना," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता. "निदान सावली तरी होती."

"दारात बसलो असतो तर चाळ म्हणाली असती, सुनेने म्हाताऱ्याला बाहेर काढलं. गाडीत बसलो तर म्हणतात, म्हातारा हौशी आहे."

मला राग आला. त्यांचा आला, माझा आला, डोळ्यांना पदर लावणाऱ्या त्या सगळ्या बायकांचा आला. सहा उन्हाळे हा माणूस या डब्यात स्वतःवर पाणी शिंपडत बसला होता, आणि मी वर पंख्याखाली झोपून त्यांच्या प्रेमाचं कौतुक करत होते. खोली त्यांच्या नावावर. पण लहानपणी भावंडं जास्त म्हणून ते गॅलरीत झोपले, मुलं झाली तेव्हा गॅलरीत झोपले, मी लग्न होऊन आले तेव्हा पुन्हा वळकटी घेऊन गॅलरीत गेले. आता म्हातारपणी खाट मिळाली तर दुपारची तीही माझ्यासाठी सोडली. मला रडू आलं आणि ते लपवायला तिथे जागाही नव्हती. मामंजींनी मानेवरचा पंचा काढला, तो ओला आहे हे बघून परत मानेवर टाकला आणि खिशातला रुमाल दिला.

"जाऊ दे गाडी," ते म्हणाले. "मी दुपारी वाचनालयात बसत जाईन."

वाचनालय दुपारी बंद असतं. ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

गाडी मे महिन्यात गेली. नवऱ्याने कागदपत्रं केली, डॅशबोर्डवरचा गणपती काढून कागदात गुंडाळला आणि पांढऱ्या गाडीचं नाव पुन्हा काढलं नाही, निदान अजून तरी. भंगारवाल्यांचा ट्रक वाडीत शिरेना, म्हणून गाडी ढकलत तोंडापर्यंत न्यावी लागली. चाळीतल्या लोकांनी नेहमीसारखा हात लावला. लेकीने व्हिडिओ कॉलवरून बघितलं आणि पुढच्या सीटच्या कोपऱ्यात तिचं कॅल्क्युलेटर सापडतंय का ते बघायला लावलं. ते सापडलं. म्हातारा मेकॅनिक मुद्दाम आला होता. बोनेटवर हात ठेवून जरा उभा राहिला आणि बॅटरी मात्र काढून घेऊन गेला. मी गाडीला हळदकुंकू लावलं. विहिरीजवळ चौकोनी, स्वच्छ जमीन उरली. तासाभरात तिथे तीन स्कूटर होत्या.

सासूबाईंच्या उशीचा अभ्रा धुऊन मी ती वर आणली होती. जेवणं झाली, नवरा कामावर गेला. दीड वाजला तसे मामंजी उठले. वर्तमानपत्र, चष्मा, पाण्याची बाटली. चपला पायात सरकवल्या.

मी विचारलं, कुठे. ते म्हणाले, वाचनालयात. बंद असेल, मी म्हटलं. उघडेपर्यंत फिरतो, म्हणाले. बाहेर डांबर वितळेल असं ऊन होतं. मी त्यांच्या हातातून बाटली काढून घेतली आणि खिडकीशी, पंख्याच्या वाऱ्यात त्यांची खुर्ची ओढली. ते उभेच राहिले. मग मी काही बोलले नाही. बोलले असते तर दोघांनाही जास्त लाज वाटली असती. मी चटई अंथरली, वर पातळ गादी टाकली, सासूबाईंची उशी घेतली आणि दार उघडं असताना, सासऱ्यासमोर, आडवी झाले.

आयुष्यात मी इतकी ताठ कधी पडले नसेन. त्या उकाड्यातही चादर गळ्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं. पाठीमागे बराच वेळ काहीच आवाज नव्हता. मग चपला काढल्याचा आवाज आला. मग फरशीवर खुर्ची फिरवल्याचा. मी मान किंचित वळवून पाहिलं. त्यांनी खुर्ची पूर्ण वळवून खिडकीकडे तोंड केलं होतं, माझ्याकडे पाठ. पेपर उघडला. गॅलरीतून शेजारची बाई चालली होती, तिची पावलं आमच्या दाराशी थांबली आणि मग पुढे गेली. उद्यापर्यंत ही बातमी चारी मजल्यांवर पोचणार, हे मला माहीत होतं. पोचू दे म्हटलं. पेपरची पानं उलटल्याचा आवाज येत राहिला आणि तो ऐकता ऐकता कधीतरी मला झोप लागली.

जाग आली तेव्हा भिंतीवरचं ऊन सरकून कपाटावर गेलं होतं. घड्याळात पावणेसहा. मी दचकून उठून बसले. मामंजी त्याच खुर्चीत, त्याच दिशेला तोंड करून बसले होते. पेपर वाचून संपला होता, घडी करून मांडीवर ठेवलेला. मान अवघडली असणार, कारण ते एका हाताने ती दाबत होते, पण त्यांनी ती वळवली मात्र नव्हती.

"मामंजी, हाक मारायची नाही का? चहाची वेळ टळून गेली."

मागे न बघता ते म्हणाले, "टॉवेल दिसला नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं, ती चहाची खूण आहे. मी उठले, दोरीवरचा टॉवेल काढला आणि बाहेर जाऊन गॅलरीच्या कठड्यावर टाकला. खिडकीतून त्यांना तो दिसला. मग त्यांनी खुर्ची वळवली.